अल्पपरिचित चित्रकारांची सागरचित्रे : इतिहासलेखनाचे एक उपेक्षित साधन
(नॉर्मंडीचा किनारा, १८२५ ते १८७०)

प्रस्तावना

युरोपातील जुन्या वस्तूंच्या बाजारात आणि लिलावांच्या सूचींत एका विशिष्ट प्रकारची चित्रे वारंवार आढळतात. ओहोटीने उघडी पडलेली पुळण, वाळूत कललेली एखादी मासेमारी होडी, टोपल्या घेऊन चाललेल्या दोन-चार स्त्रिया आणि चित्राचा निम्म्याहून अधिक भाग व्यापणारे ढगाळ आकाश. खाली सही असलीच तर ती फारशी कोणाला ठाऊक नसलेल्या चित्रकाराची असते. नसली तर सूचीत 'फ्रेंच संप्रदाय, एकोणिसावे शतक' एवढीच मोघम नोंद होते. कलेचा इतिहास अशा चित्रांपाशी सहसा थांबत नाही. सामाजिक इतिहासाचा अभ्यासक तर चित्रांकडे पुस्तकाची सजावट म्हणूनच पाहतो. त्यामुळे दोन्ही विद्याशाखांच्या मध्ये पडलेले हे साधन बहुधा अस्पर्शित राहते.

दप्तरखान्यातील कागद, जनगणनेचे तक्ते आणि प्रवासवर्णने यांच्याइतकेच अल्पपरिचित चित्रकाराचे सागरचित्र हेही इतिहासाचे साधन ठरू शकते काय, आणि ठरत असल्यास ते कोणत्या अटींवर, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील त्रूव्हिल आणि ऑन्फ्लर या दोन गावांचा परिसर निवडला आहे. साधारण पन्नास वर्षांत या किनाऱ्याचा मच्छीमारांच्या वस्तीकडून श्रीमंतांच्या विहारस्थळाकडे प्रवास झाला आणि त्या प्रवासाचा प्रत्येक टप्पा कोणी ना कोणी रंगवून ठेवला आहे.

सागरचित्राचे स्थान

फ्रान्समधील राजाश्रित कला अकादमीने सतराव्या शतकातच चित्रप्रकारांची उतरंड ठरवून दिली होती. धर्म, पुराण आणि इतिहास यांतील प्रसंगांचे चित्रण सर्वश्रेष्ठ, त्याखाली व्यक्तिचित्र, आणि निसर्गचित्र व वस्तुचित्र तळाशी. या उतरंडीत समुद्राला प्रतिष्ठा मिळाली ती प्रथम राज्यसत्तेच्या गरजेतून. १७५३ साली पंधराव्या लुईच्या दरबाराने क्लोद-जोझेफ व्हेर्ने या चित्रकाराकडे फ्रान्समधील बंदरांची चित्रे काढण्याचे काम सोपविले. पुढील सुमारे बारा वर्षांत त्याने पंधरा भव्य चित्रे पूर्ण केली. या चित्रांत गलबते, गोद्या, मालाची चढउतार आणि व्यापारी यांची रेलचेल आहे. राज्याची आरमारी व व्यापारी शक्ती दाखविणे हा त्यांचा हेतू होता.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे चित्र पालटू लागले. १८१७ साली अकादमीने 'ऐतिहासिक निसर्गचित्र' या प्रकारासाठी रोमचे पारितोषिक सुरू केले. १८२४ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनात, कॉन्स्टेबल आणि बॉनिंग्टन या इंग्रज चित्रकारांना सुवर्णपदके मिळाली. बॉनिंग्टनने उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्याची चित्रे ताज्या, पारदर्शक रंगांत रंगविली होती. त्यांत ना युद्ध होते, ना राजाचे बंदर. १८३० मध्ये 'नौदलाचा चित्रकार' ही अधिकृत पदवी अस्तित्वात आली, तेव्हा समुद्र रंगविण्याच्या दोन वाटा स्पष्ट झाल्या होत्या. एक वाट राज्याच्या आरमाराकडे जाणारी आणि दुसरी किनाऱ्यावरच्या सामान्य जीवनाकडे वळणारी. अल्पपरिचित चित्रकारांची बहुसंख्य चित्रे या दुसऱ्या वाटेवरची आहेत.

या बदलामागे समुद्राविषयीच्या दृष्टीतील बदलही होता. फ्रेंच इतिहासकार आलँ कोरबँ यांनी १९८८ साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात १७५० ते १८४० या काळात पाश्चात्त्य मनात किनाऱ्याविषयीची भीती ओसरून आकर्षण कसे निर्माण झाले, याचा मागोवा घेतला आहे. वैद्यांनी समुद्रस्नानाला औषध मानले, प्रवाशांनी लाटांत भव्यता पाहिली. १८२४ पासून डचेस द बेरी दिएप येथे समुद्रस्नानासाठी जाऊ लागल्यावर त्या प्रथेला राजघराण्याची प्रतिष्ठा लाभली. चित्रकार या बदलाचे साक्षीदार होते आणि काही प्रमाणात कर्तेही होते.

चित्राची मागील बाजू

चित्र साधन म्हणून वापरायचे तर प्रथम त्याचा काळ निश्चित करावा लागतो. सही हा त्यासाठीचा सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा पुरावा होय. प्रसिद्ध नावाला किंमत असते, म्हणून अनोळखी चित्रावर मागाहून प्रसिद्ध सही चढविण्याचे प्रकार एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहेत. कोरोच्या नावावर खपविलेल्या चित्रांची कथा सर्वश्रुत आहे. याउलट अप्रसिद्ध सहीची नक्कल करण्याचा मोह कोणाला फारसा होत नाही. अल्पपरिचित चित्रकाराची अप्रसिद्धी ही या अर्थाने अभ्यासकाच्या पथ्यावर पडते.

सहीपेक्षा अधिक बोलकी असतात ती द्रव्ये. कृत्रिम अल्ट्रामरीन निळ्या रंगाच्या शोधासाठी जाहीर झालेले पारितोषिक १८२८ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ गिमे याला मिळाले. तोपर्यंत हा निळा रंग दुर्मीळ खनिजापासून करावा लागे आणि तो अत्यंत महाग असे. समुद्र आणि आकाश रंगविणाऱ्यांना या शोधाचा लाभ किती झाला असेल, हे सांगावयास नको. रंग भरून ठेवण्याची कथिलाची दाबनळी १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने शोधली आणि उघड्यावर, वाऱ्यात तैलरंग वापरणे सुकर झाले. टायटॅनियमयुक्त पांढरा रंग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचारात आला. तो मूळ रंगलेपात आढळला, तर १८५० सालचे म्हणून सांगितले जाणारे चित्र त्या काळचे असू शकत नाही.

कॅनव्हासचे मापही साक्ष देते. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात तयार कॅनव्हास ठरावीक क्रमांकांच्या मापांत विकले जात आणि प्रत्येक क्रमांकाचे तीन प्रकार असत : व्यक्तिचित्राचा, निसर्गचित्राचा आणि सागरचित्राचा. आजच्या मापात सांगायचे तर ८ क्रमांकाच्या कॅनव्हासची लांब बाजू ४६ सेंटिमीटर असते; आखूड बाजू मात्र व्यक्तिचित्रासाठी ३८, निसर्गचित्रासाठी ३३ आणि सागरचित्रासाठी २७ सेंटिमीटर असते. समुद्र हा अरुंद आणि लांबट चौकटीत पाहावयाचा विषय आहे, अशी समजूत अशा रीतीने दुकानातील मालातच रुजली होती. क्षितिजाची लांब रेघ चित्रकाराच्या नजरेत येण्यापूर्वी ती त्याने विकत घेतलेल्या कॅनव्हासात होती, असे म्हणता येईल. कॅनव्हासच्या मागील बाजूस रंगविक्रेत्याचा शिक्का असल्यास दुकानाच्या पत्त्यावरून काळाचा अंदाज अधिक नेमका करता येतो. थोडक्यात, अभिलेखाची जशी बाह्य परीक्षा करावी लागते तशीच चित्राचीही करावी लागते.

शार्ल मोझँ आणि त्रूव्हिल

शार्ल मोझँ हा १८०६ साली पॅरिस येथे जन्मलेला चित्रकार १८२५ मध्ये, वयाची विशीही पूर्ण झालेली नसताना, त्रूव्हिलला पोहोचला. तूक नदीच्या मुखाशी वसलेले ते तेव्हा मच्छीमारांचे लहानसे गाव होते. ओहोटीच्या वेळी वाळूत टेकलेल्या होड्या, नदीमुखावरील घरे, किनाऱ्यावरची माणसे आणि जनावरे हे त्याचे विषय झाले. ही चित्रे आणि त्यांवरून केलेली शिळाछापे पॅरिसमधील रसिकांपर्यंत पोहोचली. मोझँच्या मागोमाग पॉल ह्युए आणि यूजेन इसाबे हे चित्रकार त्या परिसरात आले. १८३१ मध्ये अलेक्झांद्र द्यूमा तेथे एका साध्या खाणावळीत राहिला आणि त्याने आपल्या एका नाटकाचे लेखन तेथे केले. १८३६ च्या उन्हाळ्यात किशोरवयीन फ्लोबेर याच पुळणीवर होता. तेथे झालेल्या एका भेटीचा ठसा त्याच्या पुढील लेखनावर कायम राहिला.

मोझँच्या चित्रांचे दुहेरी स्वरूप येथे ध्यानात घ्यावे लागते. एका बाजूने ती त्रूव्हिलच्या जुन्या रूपाची नोंद आहेत. विहारगृहे आणि हॉटेले उभी राहण्यापूर्वी नदीमुख कसे दिसत होते, होड्या कोठे लागत होत्या, घरे पाण्याच्या किती जवळ होती, हे जाणून घेण्यासाठी त्यांच्याइतका सलग दृश्य पुरावा क्वचितच मिळेल. दुसऱ्या बाजूने तीच चित्रे त्या रूपाच्या अंताचे एक कारण ठरली. शहरी ग्राहकाने चित्रात पाहिलेले गाव त्याला प्रत्यक्ष पाहावेसे वाटले. पाहिल्यावर तेथे राहावेसे वाटले. आणि राहावयाचे तर घर बांधणे आले. चित्रकाराने ज्या निवांतपणाला बाजारात नेले, तो निवांतपणाच विक्रीची वस्तू झाला.

मोझँ १८६२ मध्ये त्रूव्हिल येथे मरण पावला. पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, रेल्वे त्रूव्हिलला पोहोचली. त्याच्या चित्रांनी जे काम चाळीस वर्षे हळूहळू केले ते आता आगगाडी प्रत्येक उन्हाळ्यात हजारो प्रवाशांसाठी करू लागली. गावाला आपल्या चित्रकाराची गरज उरली नव्हती.

रेल्वे, विहार आणि बदललेले दृश्य

पॅरिस ते रूआँ हा लोहमार्ग १८४३ मध्ये सुरू झाला, १८४७ मध्ये तो ल हाव्रपर्यंत आणि १८४८ मध्ये दिएपपर्यंत गेला. तूक नदीच्या पलीकडील तीरावर, दलदल व वाळूच्या टेकाडांच्या जागी, १८६० च्या सुमारास दोव्हिल नावाचे नवे नगर उभे राहू लागले. तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ ड्यूक द मोर्नी हा या उपक्रमाचा प्रमुख प्रवर्तक होता. जमीन, भांडवल, राजसत्तेशी जवळीक आणि रेल्वे यांचा संयोग झाल्यास किनारा किती वेगाने बदलतो, याचे दोव्हिल हे ठळक उदाहरण होय.

हा बदल चित्रात उतरला तो यूजेन बूदँच्या हातून. ऑन्फ्लर येथे १८२४ साली एका दर्यावर्दी कुटुंबात जन्मलेल्या बूदँने बालपणी बोटीवर पोऱ्या म्हणून काम केले, पुढे ल हाव्र येथे कागद व चौकटींचे दुकान चालविले आणि १८५१ मध्ये त्या नगरपालिकेची शिष्यवृत्ती मिळाल्यावर पॅरिसला जाऊन अभ्यास केला. १८६० नंतरच्या काही वर्षांत त्याने त्रूव्हिलच्या पुळणीवर जमलेल्या सुखवस्तू प्रवाशांची चित्रे काढण्यास सुरुवात केली. घेरदार झगे, छत्र्या, खुर्च्या, स्नानासाठीच्या चाकांच्या खोल्या आणि वाऱ्यावर फडफडणारे झेंडे यांनी भरलेल्या या लहान आकाराच्या चित्रांना ग्राहक मिळू लागले. १८६३ च्या एका चित्रात तर सम्राज्ञी यूजेनी आपल्या परिवारासह त्रूव्हिलच्या वाळूवर दिसते.

मोझँची आणि बूदँची चित्रे शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे जे दिसते ते कोणत्याही एका चित्रात दिसत नाही. किनारा तोच आहे, वाळू तीच आहे. परंतु अग्रभागातून मच्छीमार नाहीसा झाला आहे. त्याच्या होडीच्या जागी खुर्ची आली आहे. मासेमारी त्रूव्हिलमधून संपली नव्हती. ती चित्राच्या चौकटीबाहेर गेली होती. इतिहासाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. चित्रात एखादी गोष्ट नसणे याचा अर्थ ती वास्तवात नव्हती असा होत नाही. ग्राहकाला ती पाहावयाची नव्हती, असा होऊ शकतो. चित्राचे मौन हेही वाचावे लागते, आणि ते वाचण्यासाठी चित्रे एकेकटी नव्हे तर मालिकेने पाहावी लागतात.

बूदँलाही या गैरहजेरीची जाणीव होती, असे त्याच्या पत्रव्यवहारावरून दिसते. १८६७ मध्ये ब्रिटनी प्रांतातील गरीब, कष्टकरी लोकांमध्ये काही काळ घालवून परतल्यावर त्रूव्हिलची पुळण त्याला एखाद्या भयंकर सोंगासारखी वाटली आणि या आळशी श्रीमंतांच्या चित्रणाची लाजही वाटली. पुढच्याच वर्षी मात्र त्याने आपल्या विषयाचा बचाव केला : शेतकऱ्यांना जर त्यांचे चित्रकार आहेत, तर मावळत्या सूर्याकडे चालत जाणाऱ्या मध्यमवर्गीयांनाही चित्रात जागा का नसावी, असा त्याचा युक्तिवाद होता. ही दोन्ही मते प्रामाणिक होती. पोटासाठी विकली जाणारी चित्रे आणि जन्माने जवळची माणसे यांच्यामधला हा पेच त्याने आयुष्यभर वागवला. पुढील काळात तूक नदीच्या काठी कपडे धुणाऱ्या स्त्रियांची चित्रे त्याने मोठ्या संख्येने काढली. चौकटीबाहेर गेलेली माणसे अशा रीतीने त्याच्या चित्रांत परत आली.

१८७० च्या उन्हाळ्यात क्लोद मोने पत्नी व मुलासह त्रूव्हिलला होता. तेथे त्याने रंगविलेल्या पुळणीच्या एका चित्राच्या रंगलेपात वाळूचे कण अडकलेले आढळले आहेत. हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच जुलैमध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध सुरू झाले आणि सप्टेंबरच्या आरंभी साम्राज्य कोसळले. बूदँने जिला त्रूव्हिलच्या वाळूवर रंगविले होते ती सम्राज्ञी दोव्हिलच्या बंदरातून एका इंग्रज गृहस्थाच्या नौकेत बसून परागंदा झाली. सात वर्षांत त्याच किनाऱ्याने तिचा विहारही पाहिला आणि पलायनही.

'अल्पपरिचित' या विशेषणाचा इतिहास

चित्रकार अल्पपरिचित राहतो तो केवळ गुणांच्या अभावी, असे मानणे ऐतिहासिकदृष्ट्या टिकणारे नाही. त्या काळी प्रसिद्धीचा मुख्य दरवाजा पॅरिसचे सलों हा होता आणि १८६३ मध्ये परीक्षकांनी निम्म्याहून अधिक कलाकृती नाकारल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दरवाजाची रुंदी कळते. प्रांतात राहणाऱ्या चित्रकाराला तर हा मार्ग अधिकच अवघड होता.

ऑन्फ्लरचा अलेक्झांद्र द्यूबूर (१८२१–१८९१) हे याचे उदाहरण म्हणून घेता येईल. बूदँचा समवयस्क आणि त्याच गावचा हा चित्रकार आपल्या गावी राहून तेथील जीवन रंगवीत राहिला. गावाबाहेरच्या सँ-सिमेओं शेतघरातील खाणावळीत बूदँ, योंगकिंड, मोने अशा चित्रकारांचा जो मेळा जमे, त्याच वर्तुळातला तो होता. १८६८ मध्ये ऑन्फ्लर येथे नगरपालिकेचे संग्रहालय स्थापन झाले ते मुख्यतः त्याच्या पुढाकाराने. आज हे संग्रहालय यूजेन बूदँच्या नावाने ओळखले जाते. संस्था उभी करणाऱ्याचे नाव मागे पडावे आणि अधिक कीर्तिमान मित्राचे नाव पाटीवर यावे, यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. कीर्तीचा स्वभावच तसा आहे. परंतु इतिहासाने त्या पाटीपाशी थांबून चालणार नाही.

कलेतिहासाच्या रूढ मांडणीनेही या विस्मरणाला हातभार लावला. १८७४ च्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनाला केंद्र मानले, की त्यापूर्वी किनाऱ्यावर काम केलेला प्रत्येक चित्रकार 'पूर्वसूरी' ठरतो. बूदँने त्या प्रदर्शनात भाग घेतला होता आणि मोनेला तरुणपणी उघड्यावर चित्र काढण्याची गोडी त्यानेच लावली होती, म्हणून या मांडणीत त्याला निदान एक पायरी म्हणून जागा मिळते. मोझँला तीही धड मिळत नाही आणि द्यूबूर तर तळटीपेत जातो. वास्तविक बूदँच्या १८५९ च्या सुमाराच्या आकाश-अभ्यासांच्या कडेला तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली असे, ही गोष्ट कवी बोदलेरने त्याच वर्षी नोंदवून ठेवली आहे. हे अभ्यास म्हणजे पुढे येणाऱ्या कोणाची तयारी नव्हती. ती त्या दिवशीच्या, त्या प्रहराच्या आकाशाची नोंद होती आणि नोंद म्हणून ती स्वयंपूर्ण आहे.

समारोप

नॉर्मंडीच्या किनाऱ्याच्या या उदाहरणावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सागरचित्र हे साधन म्हणून वापरण्यापूर्वी त्याची द्रव्ये, माप व मागील बाजू यांची परीक्षा आवश्यक आहे. ती न करता केलेले अनुमान सहीच्या भरवशावर उभे राहते. दुसरी, अल्पपरिचित चित्रकाराचे चित्र आपल्या काळाच्या रुचीशी आणि बाजाराशी अधिक जवळून जोडलेले असते. श्रेष्ठ कलाकृती अपवादात्मक असते. तिच्यावरून चित्रकाराची प्रतिभा कळते. सामान्य दर्जाच्या पन्नास चित्रांवरून समाजाला काय पाहावयाचे होते आणि काय पाहावयाचे नव्हते, हे कळते. तिसरी, चित्र हे घटनेचा साक्षीदार असते तसेच घटनेतील भागीदारही असते. मोझँने किनारा रंगविला आणि रंगविताना तो बदलविला.

त्रूव्हिलच्या मच्छीमारांनी स्वतःचा इतिहास लिहून ठेवला नाही. त्यांच्या होड्या, त्यांच्या स्त्रियांच्या टोपल्या आणि त्यांची पाण्यालगतची घरे जेवढी शिल्लक आहेत, त्यांतील बराच भाग फारशा माहीत नसलेल्या हातांनी रंगविलेल्या कॅनव्हासांवर आहे. एखाद्या प्रांतिक संग्रहालयाच्या कोठारात किंवा लिलावाच्या सूचीत सापडणाऱ्या अशा चित्रासमोर चित्रकाराचे नाव विचारून पुढे सरकण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासकांनी सोडली, तर ज्यांची नावे कोणत्याच दप्तरात नीट उतरली नाहीत अशा माणसांचा किनारा पुन्हा दिसू लागेल.